निकोरा ते पाटण: शांताबेनच्या वाटेनं

शुक्रवार, मुंबई

शांता गांधी हे नाव घेतलं की लोक हमखास दोन गोष्टी सांगतात. त्या दीना पाठकच्या थोरल्या बहीण आणि पुण्याच्या प्युपिल्स ओन स्कूलमध्ये इंदिरा गांधींच्या शाळासोबतीण. दोन्ही खरं आहे. थोडा जाणकार माणूस असेल तर पुढे सांगेल, की दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्या प्राचीन भारतीय नाटक शिकवायच्या आणि १९८२ ते १९८४ या काळात त्याच संस्थेच्या अध्यक्षा होत्या. तेही खरंच. मला मात्र त्या आधी भेटल्या महापालिकेच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत आलेल्या एका खोक्यातून.

त्या खोक्यात ‘संगती’ या अभ्यासक्रमाची पुस्तकं आणि तक्ते होते. ‘आवेही’ या संस्थेनं ते तयार केले होते. ही संस्था शांताबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १९८१ साली सुरू केली आणि १९९० पासून तिच्या ‘अबॅकस’ प्रकल्पातून मुंबईच्या महापालिका शाळांसाठी हे काम वाढलं. माझं शरीर, आपली पृथ्वी, माणसांचे समाज कसे घडत गेले, बदल कसा होतो, असे विषय आणि तेही परीक्षेविना. एका तासाला मी मुलांना घरातल्या कामांची यादी करायला सांगितली होती. सहावीतल्या एका मुलीनं पहिलंच काम लिहिलं, ‘पहाटे नळावर नंबर लावणे’. त्यावरून वर्गात जी चर्चा पेटली तिच्यात पुस्तक कुठल्या कुठे राहिलं. हे कुणी आखलं असेल, असा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. नाव कळलं, आणि नाटकवाल्या मैत्रिणीला विचारलं तर ती उडालीच. “अगं, ‘जसमा ओडण’वाल्या शांता गांधी! त्या शाळेचे तक्ते बनवतात?”

ही सहल त्या प्रश्नातून निघाली. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, मैत्रिणीचीही तालीम नव्हती. ठरवलं, की शांताबेनच्या आयुष्यातल्या गावांना जायचं, आणि जसमाच्या ज्या गोष्टीनं त्यांना भवाईत, म्हणजे गुजरातच्या लोकनाट्यात, ओढलं तिच्या गावापर्यंत पोचायचं.

सुरुवात मुंबईतच केली. संध्याकाळी चर्नी रोडला उतरून मारवाडी विद्यालयावरून चालत गेलो. २५ मे १९४३ रोजी याच शाळेच्या सभागृहात इप्टाची, म्हणजे भारतीय जन नाट्य संघाची, स्थापना झाली. शांताबेन त्याआधी लंडनला जाऊन आल्या होत्या. वडिलांनी डॉक्टर व्हायला पाठवलं होतं. तिथे स्पेनच्या यादवी युद्धातल्या लोकांसाठी निधी गोळा करणाऱ्या नृत्यपथकात त्या नाचल्या. परत आल्यावर अल्मोड्याला नर्तक उदय शंकरांच्या केंद्रात शिकल्या आणि ते केंद्र बंद पडल्यावर इप्टाच्या मध्यवर्ती पथकात आल्या. अंधेरीच्या एका बंगल्यात ही सगळी मंडळी एकत्र राहायची, शिजवायची, तालमी करायची. शांती बर्धन नाच बसवायचे, रविशंकर संगीत द्यायचे. बंगालच्या दुष्काळासाठी पैसे उभे करत हे पथक देशभर फिरलं. इकडे परळ-लालबागच्या गिरणगावात त्याच सुमारास, १९४४ मध्ये, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं होतं. एकच काळ, एकच शहर. डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी आणि वाटेगावहून चालत मुंबईला आलेला मुलगा एकाच चळवळीच्या दोन टोकांना नाटक करत होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

शनिवार, भरूच आणि निकोरा

बोरिवलीहून सकाळची गाडी. मकरसंक्रांत नुकतीच होऊन गेली होती. सुरतेच्या पुढे तारांवर, बाभळींवर, स्टेशनच्या पत्र्यांवर सगळीकडे फाटके पतंग लटकत होते. भरूचला उतरलो, खारी शिंग घेतली (इथले खारे शेंगदाणे खरंच वेगळे लागतात, सालीसकट खावेत) आणि रिक्षा ठरवून नर्मदेच्या काठाकाठानं निघालो.

रस्ता शुक्लतीर्थावरून जातो. पलीकडे बेटावर कबीरवड. कार्तिकात इथे मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा घाटावर चार-दोन माणसं आणि नावा. पुढे केळीच्या बागा लागल्या, मग निकोरा आलं.

१९५२ मध्ये शांताबेन इथे येऊन राहिल्या. इप्टाचा तो भराचा काळ ओसरला होता. मुंबईत नाव होतं, ओळखी होत्या, बहीण दीना अहमदाबादेत रंगभूमी गाजवायच्या तयारीत होती. अशा वेळी पस्तिशीतली ही बाई नर्मदेकाठच्या आडगावात मुलांसाठी नव्या तऱ्हेचा अभ्यासक्रम करून पाहायला आली. आजही भरूचहून इथे येताना वळणं संपत नाहीत. तेव्हाचा रस्ता कसा असेल याची कल्पना करा.

आम्ही काही शोधायला गेलो नव्हतो. इतक्या वर्षांनी पाटी किंवा खोली सापडेल अशी आशाही नव्हती. गाव पाहायचं होतं. दुपारी शाळा सुटली होती आणि पोरं नदीच्या उतारावर खेळत होती. खेळ असा, की एकानं मधे उभं राहायचं, बाकीच्यांनी गोल करायचा, आणि मधला जे करेल त्याच्या उलट करायचं. तो बसला की सगळे उठायचे, तो हसला की सगळ्यांनी रडायचं. एक चिमुरडी रडण्याची पाळी आली की इतकं मन लावून रडायची की गोल मोडून सगळे तिच्याकडे बघत बसायचे. मैत्रीण म्हणाली, “ही माझ्या नाटकात हवी.” मी तासभर तिथून हलले नाही. वर्गात मी नाट्यीकरण ‘घेत’ असे. मुलांकडे ते असतंच आणि आपण फक्त जागा करून द्यायची, ही समज शांताबेनना फार लवकर आली असणार. एरवी माणूस इतकी वर्षं त्यात कशाला घालवील? निकोऱ्यात सुरू झालेलं काम मुंबईच्या महापालिका शाळेत पोचायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला, आणि मधल्या काळात त्या दिल्लीत प्राध्यापक होत्या. तो काळ त्यांच्या चरित्रात नेहमी मोठा दाखवला जातो. मला वाटतं, निकोरा आणि आवेही या दोन टोकांच्या मधे दिल्ली आहे, असं वाचलं तर त्यांचं दिल्लीतलं कामसुद्धा जास्त नीट कळतं.

दिल्लीत त्यांनी केलं काय? प्राचीन संस्कृत नाटककार भासाची नाटकं उभी केली. त्रिवेंद्रमच्या गणपती शास्त्रींना ती हस्तलिखितं सापडली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पंडितांनी त्यांवर वाद घातले, विद्यापीठांनी ती पाठ्यपुस्तकात लावली. शांताबेननी ‘मध्यमव्यायोग’ आणि ‘ऊरुभंग’ विद्यार्थ्यांकडून रंगमंचावर करून घेतली. ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन मांड्या फुटलेल्या अवस्थेत प्रेक्षकांसमोर मरतो, त्याचा लहानगा मुलगा मांडीवर बसायला येतो आणि बापाला ‘इथे नको’ म्हणावं लागतं. मैत्रिणीनं परतीच्या रिक्षात तो प्रसंग मला करून दाखवला, खड्ड्याखड्ड्यांतून. रिक्षावाल्यानं आरसा फिरवून पाहिलं आणि वेग कमी केला.

रविवार, अहमदाबाद

इथे फार काही केलं नाही. रायखडला जयशंकर सुंदरी नाट्यगृह बाहेरून पाहिलं. जयशंकर भोजक १८८९चे, आपले बालगंधर्व १८८८चे. दोघांनीही स्त्रीभूमिका अशा केल्या की घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करत. फरक पुढचा आहे. जयशंकरांनी उतारवयात रसिकलाल परीखांच्या ‘मेना गुर्जरी’ची उभारणी केली आणि त्यात मेना झाली दीना गांधी. ज्यानं आयुष्यभर बाईचं सोंग घेतलं, त्यानं भवाईच्या ढंगातलं नाटक एका बाईच्या हाती दिलं. मूळ भवाईत बायका नसतातच. बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला तिथे ‘कांचळियो’ म्हणतात, कांचळी म्हणजे चोळी घालणारा. दीनाबेननी गुजराती रंगमंचावर आणि शांताबेननी दिल्लीच्या विद्यालयात भवाई बायकांची केली. दोन्ही बहिणींचं हे ऋण गुजरातीपुरतं नाही.

रात्री बाजरीचा रोटला, ओळो (वांग्याचं भरीत) आणि गूळ. सकाळी लवकर निघायचं होतं.

सोमवार, सिद्धपूर आणि उंझा

सिद्धपूरला लोक येतात ते मातृश्राद्धासाठी. बिंदुसरोवराच्या काठी आईचं श्राद्ध करायचं, म्हणून याला मातृगया म्हणतात. आमच्या डब्यात नागपूरचं एक कुटुंब त्यासाठीच आलं होतं. आम्ही उतरलो वेगळ्या माणसासाठी.

असाइत ठाकर चौदाव्या शतकातले, सिद्धपूरचे औदीच्य ब्राह्मण. उंझ्याच्या हेमाळा पटेलाची मुलगी गंगा एका मुसलमान सरदारानं उचलून नेली. पटेल असाइताचा यजमान. असाइत छावणीत गेला, आपल्या गाण्यानं सरदाराला खूश केलं आणि म्हणाला, ही माझी मुलगी. सरदार म्हणाला, तुझी मुलगी असेल तर तिच्यासोबत एका ताटात जेव. ब्राह्मणानं पटेलाच्या मुलीबरोबर जेवायचं! असाइत जेवला. मुलगी सुटली आणि असाइताला जातीनं वाळीत टाकलं. तो तिन्ही मुलांना घेऊन उंझ्याला आला, नाचगाण्यावर पोट भरू लागला आणि त्यातून भवाई झाली, असं परंपरा सांगते. त्याची तीन घरं, ‘त्रण घर’, म्हणून या कलावंतांची जात ‘तरगाळा’. त्यानं तीनशे साठ वेश रचले असं म्हणतात. वेश म्हणजे एकेक नाट्यप्रसंग, आपल्याकडे वग असतो तसा. एका मुलीसाठी जात गमावलेल्या माणसाच्या पोटी हा नाट्यप्रकार जन्मला, ही गोष्ट शांताबेनना किती जवळची वाटली असेल!

उंझ्याजवळच्या एका गावात मैत्रिणीच्या ओळखीनं एका वयस्कर नायकांकडे (भवाई करणाऱ्यांचं हे आडनाव) गेलो. घरात शिरताच कोपऱ्यात उभं केलेलं भुंगळ दिसलं. तांब्याची, पाच फुटांच्या आसपास लांब, सरळ नळी, तोंडाशी पसरट. जोडीनं वाजवतात. काकांनी दुसरं आतून आणवलं आणि नातवाला म्हणाले, “चल, बेनोंने संभळाव.” (बहिणींना ऐकव.) नातवानं गाल फुगवले तरी पहिल्यांदा नुसती हवा आली. काका हसले नाहीत. त्यांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवून कोपऱ्यातली फट दाखवली, मग दोघांनी मिळून जो सूर लावला त्यानं शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तुतारीसारखा तो चढत नाही. खालच्याच अंगानं दणकत राहतो. शिवार ओलांडून गावाला कळवायचं असतं, की आज भवाई आहे.

काकांनी गणपतीचा वेशही थोडा दाखवला. यात गणपती झालेला नट चेहऱ्यासमोर पितळी थाळी धरून नाचतो, तोंड दाखवत नाही. मी म्हटलं, आमच्या तमाशात आधी गण, कोकणातल्या दशावतारातही आधी गणपती. ते म्हणाले, “तो तो आपणे सगां थयां!” मग भवाईतला विदूषक ‘रंगलो’ आणि आपला सोंगाड्या यांची तुलना निघाली आणि चहा दोनदा झाला. रंगलो राजालाही टोकतो, नायकालाही (म्हणजे सूत्रधाराला), आणि प्रेक्षकाला तर सोडतच नाही. शांताबेननी जसमाच्या नाटकात नायक आणि रंगलो दोघांनाही ठेवलं, कारण गोष्ट राजाची आहे आणि राजाला प्रश्न विचारणारं कुणीतरी मांडवात हवंच.

मंगळवार, पाटण

पाटणला सगळे येतात राणी की वाव पाहायला. राणी उदयमतीनं अकराव्या शतकात राजा भीमदेवाच्या स्मरणार्थ बांधलेली ही विहीर, सात मजले खोल. २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि शंभराच्या नोटेवरही. आम्हीही पाहिली, डोळे भरून. पण तिथून थोडं चाललं की सहस्रलिंग तलाव लागतो आणि तिथे गर्दी नसते.

सिद्धराज जयसिंहानं बाराव्या शतकात हे तळं करवलं. काठावर हजार शिवलिंगांची देवळं होती म्हणून हे नाव. आज उरलेत ते खांबांचे ओळीनं उभे तुकडे, बांधाचा काही भाग आणि पाणी घेण्याची सोय. ही सोय नीट पाहण्यासारखी आहे. सरस्वती नदीचं पाणी कालव्यातून आधी एका मोठ्या गोल कुंडात येई. तिथे ते थबकायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं निवळ पाणी दगडी गोल भोकांतून तळ्यात जायचं. त्या तीन भोकांच्या कडा अजून गुळगुळीत आहेत. मी हात फिरवून पाहिला. कुणीतरी हे दगड घासले, कुणीतरी त्याआधी एवढी माती उपसली.

ती माती उपसणाऱ्यांपैकी जसमा. ओड जमातीची, खोदकाम हाच धंदा. आपल्याकडे वडार समाज हेच काम करत आला. सिद्धराजानं तळं खणायला ओडांना माळव्यातून बोलावलं. डोक्यावर मातीची पाटी घेतलेली जसमा त्याच्या नजरेत भरली. राजानं महाल देऊ केला, दागिने देऊ केले, तिनं प्रत्येक गोष्ट नाकारली. तिचा नवरा रूपा दिसायला साधा, पण तिला तोच हवा होता. ओड पळून निघाले, राजानं पाठलाग केला, माणसं मारली, नवराही गेला. जसमानं स्वतःला संपवलं आणि शाप दिला, की तुझ्या तळ्यात पाणी ठरणार नाही.

शांताबेननी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या वेशावरून ‘जसमा ओडण’ उभं केलं. सुरुवात इंद्राच्या दरबारात होते, जसमा म्हणजे शापामुळे पृथ्वीवर आलेली अप्सरा, हे परंपरेतलंच. पण अप्सरेच्या गोष्टीतून नाटक जेव्हा मातीच्या पाटीवर येतं, तेव्हा ते दुसरंच होऊन जातं. राजा विचारतो, एवढं सुंदर शरीर मातीत का घालवतेस, आणि ती कष्टाच्या बाजूनं उत्तर देते. दिल्लीच्या शहरी विद्यार्थ्यांकडून असं नाटक गोलात, भुंगळाच्या ढंगात करून घेणं हा त्या काळी मोठाच बदल होता. त्यानंतर लोकनाट्याकडे पाहण्याची नजर बदलली, असं जाणकार मानतात आणि मलाही ते पटतं.

त्या कोरड्या तळ्याच्या काठावर मला माझ्या वर्गातली ती यादी आठवली. ‘पहाटे नळावर नंबर लावणे.’ पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं हा प्रश्न शांताबेननी आधी रंगमंचावर विचारला आणि मग पाचवी-सहावीच्या तक्त्यात. दोन्हीकडे त्या एकच गोष्ट शिकवत होत्या.

ओड लोक जसमाला देवी मानतात. तिचं मंदिर याच परिसरात आहे. आम्ही तिथे जाऊन नारळ ठेवला.

तिथून वीर मेघमायाच्या स्मारकाकडे गेलो. गोष्टीचा हा दुसरा भाग महाराष्ट्रात फार कमी जणांना ठाऊक आहे. शापामुळे तळं कोरडं राहिलं, तेव्हा ज्योतिष्यांनी बत्तीस लक्षणी माणसाचा बळी सांगितला. असा माणूस मिळाला तो विणकर जातीतला, तेव्हा अस्पृश्य मानलेला, मायो. मरण्याआधी त्यानं राजाकडे आपल्या लोकांसाठी मागणं मागितलं: गळ्यातलं थुंकीचं मडकं आणि कमरेचा झाडू काढावा, वस्ती गावाजवळ करू द्यावी, अंगणात तुळस-पिंपळ लावू द्यावा. मडकं आणि झाडू म्हटल्यावर मराठी माणसाला पेशवाई आठवणारच. गोष्ट सांगते, की त्यानंतर तळं भरलं. माघ शुद्ध सप्तमीला त्याचं स्मरण करतात, दलित समाज मोठ्या संख्येनं जमतो.

मैत्रिणीचा आणि माझा वाद इथेच सुरू झाला, आणि गावातला देवडा (पाटणची तुपाळ मिठाई, दोनच तुकडे खावेत) खातानाही चालू राहिला. पुढच्या वर्षी माझ्या जुन्या शाळेतल्या मुलींकडून जसमा करून घ्यायची, अर्ध्या तासाची, पटांगणात गोल करून, एवढं दोघींनी ठरवलंय. प्रश्न शेवटाचा आहे. तिचं म्हणणं, शापावर थांबायचं. नाटक तिथे पूर्ण होतं, पुढचं जोडलं की जसमाची धार जाते. माझं म्हणणं, मायोपर्यंत जायचं. तळं खणलं ओडांनी, भरलं विणकराच्या जिवावर, आणि नाव लागलं राजाचं. पाचवी-सहावीच्या मुलींना ही पूर्ण गोष्ट कळलीच पाहिजे, मग नाटक दहा मिनिटं लांबलं तरी चालेल.

अहमदाबादच्या बसमध्ये बसेपर्यंत तोडगा निघाला नाही. मग ती म्हणाली, दोन्ही शेवट बसवू आणि मुलींना निवडू दे. तालमी जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. भुंगळ मिळवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. काकांच्या नातवाशी बोलून ठेवलंय.